आवाज मोजा, माणसं नकोत

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपली की पुण्यात दोन आकड्यांची चर्चा होते : मिरवणूक किती तास चालली आणि आवाज किती डेसिबलवर गेला. अलीकडे पहिला आकडा अठ्ठावीस-तीस तासांच्या घरात असतो आणि दुसरा शंभराच्या आसपास. या दुसऱ्या आकड्यावरून एका घरात झालेला हा वाद आहे. काका निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, राहायला लक्ष्मी रस्त्यालगतच्या गल्लीत. पुतणी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करते. काकांना प्रत्येक चौकात ध्वनिमापक हवा आहे आणि जोडीला कॅमेराही. पुतणीला चौकातला कॅमेरा आधीच खुपतो. आता त्याला कानही फुटणार म्हटल्यावर ती सावध झाली आहे.

काका : कायद्यापासून सुरुवात करू, तो तुझा प्रांत. आमच्या रस्त्यावर आवाज किती असावा?

पुतणी : ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. व्यापारी भागात 65 आणि 55. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर, त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75, यांतलं जे कमी ते. म्हणजे लक्ष्मी रस्ता व्यापारी धरला तर दिवसा 75च्या वर एक डेसिबलही नको.

काका : आणि प्रत्यक्षात? सीओईपी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वीस वर्षांहून जास्त काळ विसर्जनाला मीटर घेऊन उभे राहताहेत. बेलबाग चौकापासून खंडुजीबाबा चौकापर्यंत दहा चौक. शंभरीच्या आसपास गेलेली वर्षं कितीतरी सापडतील. लोकांना वाटतं, 75च्या जागी 100 म्हणजे थोडं जास्त. डेसिबलचं गणित तसं नाही. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. 25 डेसिबल जास्त म्हणजे तीनशे पटीहून अधिक. कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेत जो सल्ला दिला जातो त्यात 85 डेसिबलला आठ तास ही हद्द आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आमच्या चौकात बंदोबस्ताला असलेला हवालदार किती तास उभा असतो, तूच सांग.

पुतणी : कानात घालायला कापूस मिळाला तरी त्याचं नशीब. काका, आवाज जास्त होतो हे मी नाकारतच नाही. माझा आक्षेप तुमच्या उपायावर आहे. आवाज मोजायला निघालेलं यंत्र आवाजापाशी थांबत नाही.

काका : का नाही थांबत? मी आयुष्यभर यंत्रंच केली. ध्वनिमापकाच्या टोकाला मायक्रोफोन असतो, मान्य. पण तो दर सेकंदाला एक आकडा बाहेर टाकतो. माणसाच्या कानाला जे सूर जास्त जाणवतात त्यांना जास्त वजन द्यायचं, मग सरासरी काढायची. त्या आकड्यावरून कोण काय बोललं हे ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. ताप मोजायला काखेत थर्मामीटर लावतो, त्याने रोग्याचं गुपित फुटतं का?

पुतणी : थर्मामीटर रोग्याचा फोटो काढत नाही. तुम्ही मात्र कॅमेरा मागताय.

काका : कारण आकड्याला पत्ता नसतो. 98 डेसिबल झाले, पण कोणामुळे? मंडळाच्या डॉल्बीमुळे, मागच्या पथकामुळे, की फटाक्यामुळे? पोलिसांकडे आजही मीटर आहेत. खटला उभा राहिला की आरोपी म्हणतो, आवाज माझा नव्हताच, शेजारच्या मंडळाचा होता. मग आकडा नुसता कागदावर राहतो.

पुतणी : बरोबर, आणि घसरण तिथूनच सुरू होते. आकड्याला पत्ता हवा म्हणून चित्र. चित्र अपुरं पडलं म्हणून थोडं ध्वनिमुद्रण, दहा सेकंदांचंच. तेही अपुरं पडलं की ते ओळखणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक पायरीला कारण चांगलंच असतं. मुंबईचंच बघा ना. 26/11च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समिती नेमली गेली, शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं हवं हे ठरलं आणि 2016 मध्ये साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे सुरू झाले. कारण दिलं होतं दहशतवादाचं. त्याच कॅमेऱ्यांवरून थोड्याच दिवसांत ई-चलान निघायला लागलं.

काका : मग काय बिघडलं? लोक झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबायला लागले. तेरा फेब्रुवारी 2010ला इथे जर्मन बेकरीत स्फोट झाला. दोन वर्षांनी जंगली महाराज रस्त्यावर झाले. त्यानंतर पुण्यात कॅमेरे का नव्हते म्हणून आम्हीच ओरडत होतो. आज कॅमेरा आहे म्हणून कुरकुर करायची, उद्या काही झालं की फुटेज कुठे म्हणून विचारायचं, हे दुटप्पी नाही?

पुतणी : चलान वाईट म्हणत नाही मी. ज्या कामासाठी यंत्र बसवलं त्याच्या बाहेरचं काम त्याला कोणी, कुठल्या अधिकाराने दिलं, हा माझा प्रश्न आहे. 24 ऑगस्ट 2017ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात सरकार मध्ये येऊ शकतं, पण कायद्याचा आधार हवा, वाजवी हेतू हवा आणि हेतूच्या मानाने हस्तक्षेप बेताचा हवा. चौकातल्या कॅमेऱ्याबाबत हा हिशोब आपल्याकडे कोणी मांडून दाखवला? 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यातही केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देऊ शकतं. कॅमेऱ्यावर राखणदार नेमायचा आणि दार उघडं ठेवायचं, असं झालंय ते.

काका : बरं, ध्वनीचं बोल. रस्त्यातल्या मायक्रोफोनने कोणाचं काय वाकडं केलंय?

पुतणी : अमेरिकेत शॉटस्पॉटर नावाची यंत्रणा आहे. खांबांवर, इमारतींवर मायक्रोफोन बसवायचे, बंदुकीचा आवाज झाला की पोलिसांना इशारा. कंपनी सांगत आली की आम्ही बोलणं ऐकत नाही. ओकलंडमध्ये 2007 साली गोळी लागलेला माणूस मरताना ओरडला, ते शब्द त्या मायक्रोफोनने टिपले आणि खटल्यात पुरावा म्हणून पुढे आले.

काका : खुनी पकडला गेला असेल तर मला आनंदच आहे.

पुतणी : खुनी पकडला गेल्याचा आनंद मलाही आहे. पण जे यंत्र फक्त गोळी ऐकतं असं सांगितलं होतं, ते माणसाचं बोलणं ऐकत होतं हे त्या दिवशी सिद्ध झालं. आणि मूळ काम तरी नीट होतं का? शिकागोच्या महानिरीक्षकांनी 2021 मध्ये तपासलं तेव्हा सुमारे पन्नास हजार इशाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी ठिकाणी बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा सापडला. 2024 मध्ये शिकागोने ती यंत्रणा बंद केली. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन शहराने एका वस्तीत किंकाळ्या, काच फुटल्याचे आवाज टिपणारे मायक्रोफोन लावायचं ठरवलं. तिथल्या डेटा संरक्षण आयोगाने 2019 मध्ये ताकीद दिली आणि बेत बारगळला. ओर्लेआंने तशीच उपकरणं नगरपालिकेच्या कॅमेऱ्यांना जोडली, ती 2024 मध्ये न्यायाधिकरणाने बेकायदा ठरवली.

काका : तूच फ्रान्सचं नाव काढलंस, तर तिथलंच दुसरं टोक सांगतो. पॅरिसमध्ये ब्रुइपारिफ या संस्थेने मेड्यूज नावाचं उपकरण तयार केलं. चार मायक्रोफोन एकमेकांपासून थोड्या अंतरावर. कुठल्या मायक्रोफोनला आवाज आधी पोचला, कुठल्याला नंतर, यावरून आवाज कोणत्या दिशेने आला ते कळतं. चौकाच्या चित्रावर त्या जागी रंगीत ठिपके उमटतात. 2019च्या वाहतूक कायद्यात तिथे गोंगाट करणाऱ्या गाड्यांसाठी अशा ध्वनि-रडारच्या प्रयोगाला परवानगी मिळाली. म्हणजे आधी कायदा, मग यंत्र. न्यूयॉर्कने 2021 पासून तेच केलं. पन्नास फुटांवर 85 डेसिबलच्या वर गेलेल्या गाडीचा नंबर टिपायचा आणि दंडाची नोटीस पाठवायची. दंड पहिल्या खेपेला 800 डॉलरपासून सुरू होतो. आमच्या रस्त्यावर रात्री बुलेटचा सायलेन्सर फटाक्यासारखा वाजवत जाणारा पोरगा तुला माहीत नाही? तो पोलिसाला बघून आवाज बंद करतो. खांबाला बघून कसा करेल?

पुतणी : त्या पोराबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. उलट तुम्ही आत्ता एक महत्त्वाचा भेद केलात, तुमच्याही लक्षात आला नसेल.

काका : कोणता?

पुतणी : चालत्या आवाजाचा आणि थांबलेल्या आवाजाचा. बुलेट येते आणि जाते, म्हणून तिची ओळख तत्क्षणी टिपावी लागते. तिथे गाडीच्या नंबरपुरता कॅमेरा चालेल. माणसाचा चेहरा कशाला हवा? पण मंडळ? मंडळाकडे पोलिसांचा परवाना असतो. मांडवाची जागा ठरलेली, मिरवणुकीतला क्रम ठरलेला, अध्यक्षाचं नाव अर्जावर, डॉल्बीवाल्याचा ट्रक नंबरासकट उभा. बांधकामाच्या जागेला पालिकेची परवानगी असते, तिचा फलक दारात लावलेला असतो. सभेला मैदानाची परवानगी असते. शहरातले सर्वांत मोठे आवाज आधीच सरकारी कागदावर असतात, काका. त्यांना ओळखण्यासाठी चौकातल्या प्रत्येकाचा चेहरा साठवायची गरज नाही. दिशा सांगणारा मापक आणि परवान्याचा कागद, एवढ्यावर खटला उभा राहतो.

काका : हं. दिशा कळली तर शेजारच्या मंडळाचा बहाणा टिकत नाही, हे खरं. मिरवणुकीत मात्र चौकातून कोण कधी गेलं त्याची वेळ लागेल.

पुतणी : वेळ पोलिसांकडे असतेच की. मानाचा कुठला गणपती बेलबाग चौकात किती वाजता आला हे वर्तमानपत्रात छापून येतं.

काका : ठीक. पण एक गोष्ट तू वकील असूनही विसरतेस. आज तक्रार करायची तर नाव लागतं. मी दोनदा फोन केला. पोलिस आले, आवाज खाली आला, गाडी वळल्यावर पुन्हा वर गेला. संध्याकाळी चार कार्यकर्ते जिन्यात उभे. अगदी गोड बोलत होते. "काका, आपलाच उत्सव आहे, तुम्हाला त्रास झाला तर आम्हाला सांगायचं ना." आमच्या घरावर पाळत कोणाची आहे, सरकारची? नाही. गल्लीची आहे. यंत्राला गल्ली नसते. ते तक्रार करतं आणि त्याच्या जिन्यात कोणी उभं राहत नाही.

पुतणी : हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि न्यायालयालाही तो पटलाय. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आवाज आपोआप मर्यादेत राहील अशी सोय भोंग्यांतच बसवावी, आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागत न बसता कारवाई करावी, ओळख उघड होऊ देऊ नये, असं सांगितलं. त्यातली आवाजाला जागच्या जागी लगाम घालण्याची कल्पना मला तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगली वाटते. आवाज आधीच अडवला तर नंतर कोणाला शोधत बसायची गरज राहत नाही.

काका : ते तंत्र जुनंच आहे. अँप्लिफायरला लिमिटर लावायचा, सील करायचं. पण सील कोण तपासणार? आणि रस्त्यावर भाड्याने येणारी डॉल्बी जिल्ह्याजिल्ह्यातून येते.

पुतणी : तपासणाऱ्याचं नाव निघालं की आपण दोघंही गप्प होतो, नाही का?

काका : गप्प कशाला? आता भोंग्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. 2022 मध्ये भोंग्यांवरून राज्यभर रान उठलं. एक म्हणे मशिदीवरचे काढा, दुसरे म्हणे मग मंदिरांचं काय, मग काकड आरतीचं काय, नवरात्राचं काय. सगळा वाद माणसांच्या तोंडून चालला होता. मापकाला अजान आणि आरती यांतला फरक कळत नाही. 55च्या वर गेलं की गेलं. निःपक्षपाती साक्षीदार हवा असेल तर यंत्रासारखा नाही.

पुतणी : यंत्र निःपक्षपाती असेलही, खांब नसतो.

काका : म्हणजे?

पुतणी : खांब कुठे रोवायचा ते माणूस ठरवतो. एका मोहल्ल्यात सहा मापक आणि नगरसेवकाच्या मंडळासमोर एकही नाही, असं झालं तर प्रत्येक आकडा खरा असूनही सगळा हिशोब खोटा होईल. झोपडपट्टीत लग्नाची वरात मोजायची आणि शेजारच्या टॉवरच्या जागेवर रात्री चालणारा काँक्रीटचा पंप मोजायचा नाही. तुम्ही म्हणाल, मी उगाच शंका काढते. कोणाकडे लक्ष ठेवायचं हे ठरवणं हाच पाळतीतला खरा अधिकार असतो, आणि तो बहुतेक वेळा ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांच्यावर चालतो.

काका : मग खांब कुठे रोवायचे ते आधीच जाहीर करा. नकाशा छापा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2011 पासून सात महानगरांत दहा-दहा स्थायी केंद्रं बसवली, मुंबईसुद्धा त्यात आहे. त्यांच्या जागा माहीत आहेत. कोणाला त्यात पाळत वाटत नाही.

पुतणी : वाटत नाही, कारण ती फक्त आकडा ठेवतात. माझं म्हणणं तेच आहे. पण मला सांगा, त्या केंद्रांनी मुंबई शांत झाली का? सीओईपीच्या नोंदींनी लक्ष्मी रस्ता शांत झाला का? वीस वर्षांहून जास्त काळ आकडा दर वर्षी छापून येतो. करोनात मिरवणूक नव्हती तेव्हा तो साठाच्या आसपास उतरला, हीच त्याची सर्वांत मोठी घसरण. आकडा नसल्यामुळे आपण अडलेलो नाही, काका. आकड्याचं पुढे काय होतं, त्याचा पत्ता लागत नाही.

काका : ते का होतं, तुला कायद्याच्या बाजूने सांगता येईल.

पुतणी : पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. शिक्षा एवढी मोठी की ती कोणाला द्यायची हिंमत होत नसे. मंडळाच्या अध्यक्षाला विसर्जनाच्या आवाजासाठी पाच वर्षं तुरुंगात कोण पाठवणार? 2023च्या जन विश्वास कायद्याने कैद गेली आणि दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आला. आता शिक्षा देता येण्यासारखी आहे. सरकारला वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार नियमांतच आहे, त्यामुळे उत्सव मारला जातो ही ओरडही खरी नाही. एवढं असून कारवाई होत नसेल, तर आणखी एक यंत्र बसवून ती होईल असं का मानायचं?

काका : कारण आज अधिकारी म्हणू शकतो, मला माहीत नव्हतं. चौकात मोठ्या अक्षरांत 97 असा आकडा झळकत असेल आणि खाली पोलिस उभा असेल, तर त्याला तसं म्हणता येणार नाही. पथकातल्या मुलांनाही दिसेल, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनाही. मुंबई पोलिसांनी सिग्नलवर डेसिबल मीटर बसवले होते, आठवतं? 2020च्या सुरुवातीला त्यांनी त्याचा व्हिडिओ टाकला, जगभर फिरला. लाल दिव्यात हॉर्न वाजवून 85च्या वर गेलात की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. आकडा सगळ्यांसमोर. लोक एकमेकांना गप्प करायला लागले.

पुतणी : मला तो प्रयोग आवडला होता. त्यात कोणाचा नंबर टिपला नाही, कोणाचा फोटो नाही, कोणाची नोंद नाही. पण एक हॉर्नबाज आणि शंभर निरपराध एकत्र शिक्षा भोगत होते, आणि मागे रुग्णवाहिका असली तर तीही.

काका : म्हणजे नाव टिपलं तरी तुला नको आणि नाही टिपलं तरी नको.

पुतणी : तसं नाही. सर्वांना दिसणारा आकडा हवा. नाव फक्त ज्याने मर्यादा ओलांडली त्याचं हवं, आणि तेही शक्य तिथे परवान्यावरून काढलेलं. बाकीच्यांचं काहीही साठवू नका. हे तीन वेगळे निर्णय आहेत आणि "स्मार्ट सिटी"च्या एका निविदेत ते एकत्र बांधून विकले जातात, म्हणून मी घाबरते. मापकाची निविदा निघते. आत मायक्रोफोन, कॅमेरा, चेहरा ओळखणं, सगळं एका खोक्यात येतं, कारण पुरवठादाराकडे तेच तयार असतं.

काका : निविदा मी पाहिल्या आहेत. खोक्यात काय नको ते लिहिता येतं. मापकाने ध्वनिमुद्रण करूच नये, अशी अट घालता येते. आत साठवायला जागाच द्यायची नाही. आकडा मोजला की मूळ ध्वनी तिथल्या तिथे पुसला जाईल अशी रचना करता येते, आणि ती तशीच आहे हे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेता येतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ध्वनिसंशोधन प्रकल्पात संभाषण साठू नये म्हणून दहाच सेकंदांचे तुकडे, तेही मध्येच केव्हातरी, असं ठरवलं होतं. मी तर म्हणतो, दहा सेकंदही नकोत.

पुतणी : हे तुम्ही म्हणताय?

काका : मी कॅमेरा मागत होतो, तो आवाजाला पत्ता हवा म्हणून. पत्ता परवान्यावर असेल तर मला माणसांच्या चेहऱ्याशी काय करायचंय? पण तूही एक कबूल कर. पाळतीच्या भीतीपोटी मापकच नको म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे डॉल्बीची भिंत आहे त्याला मोकळं सोडणं. त्याचं स्वातंत्र्य आणि माझ्या घरातल्या आजारी माणसाचं स्वातंत्र्य, दोन्ही घटनेच्या त्याच कलमांखाली येतात ना?

पुतणी : येतात. 2005च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, म्हणून दुसऱ्याला ऐकायची सक्ती करता येत नाही. ते प्रकरण न्यायालयापुढे कशामुळे आलं माहीत आहे? एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या हाका शेजाऱ्यांना ऐकू गेल्या नाहीत, असं याचिकेत म्हटलं होतं. मी सेंत-एतिएनचं सांगितलं ना, किंकाळी ऐकणारे मायक्रोफोन? मला नेहमी वाटतं, किंकाळी ऐकायला यंत्र लागावं इतका गोंगाट असू द्यायचा आणि मग यंत्र लावायचं, हा उलटा कारभार आहे. रस्ता शांत ठेवा, शेजारी ऐकतील.

काका : म्हणजे गोंगाट हाच सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मग आपण एकाच बाजूला आलो की.

पुतणी : अजून पूर्ण नाही. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत तीसच जण असावेत असा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या सप्टेंबरमध्ये तो स्थगित केला. तुमचं मत काय?

काका : स्थगिती योग्यच होती. आवाज माणसं मोजून कळत नाही. तीस जण बंद गल्लीत मोठा आवाज काढतील, साठ जण मोकळ्या मैदानात कमी. वर डॉल्बीची भिंत एका ट्रकवर असते, तिला दोन माणसं पुरतात. डोकी मोजायची कशाला, आवाज मोजा.

पुतणी : हेच मी कॅमेऱ्याबद्दल म्हणतेय. डोकी मोजू नका, चेहरे मोजू नका. आवाज मोजा. आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यालाही मोजा : मर्यादा किती वेळा ओलांडली गेली, किती नोटिसा निघाल्या, किती दंड वसूल झाला. पाळत ठेवायचीच असेल तर ती परवाना देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर ठेवा.

काका : लेखी दे. सोसायटीच्या सभेत वाचतो.

या वादातून एक निवाडा निघतो आणि तो दोघांनाही मान्य होईल असा आहे. शहराला ध्वनिमापक हवेत, पण केवळ आकडा ठेवणारे. ध्वनिमुद्रण करण्याची सोय त्यांच्यात असताच कामा नये आणि ही अट निविदेतच लिहिलेली असावी. मापक कुठे बसणार त्याचा नकाशा आधी प्रसिद्ध व्हावा, म्हणजे एखाद्या वस्तीला लक्ष्य केलं आणि एखाद्या मंडळाला सोडलं असं करता येणार नाही. आकडा चौकात आणि संकेतस्थळावर तत्क्षणी दिसावा. मंडळ, सभा, बांधकाम यांची ओळख परवान्यावरून काढावी. गाड्यांसाठी कॅमेरा लावायचाच झाला तर तो नंबरापुरता, मर्यादा ओलांडली तेव्हापुरता असावा आणि त्याआधी तसा नियम करावा. सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक उल्लंघनापुढे काय कारवाई झाली याचा तक्ता पोलिसांनी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर महिन्याला जाहीर करावा.

मर्यादा 2000 साली ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2005चा आहे, उच्च न्यायालयाचा 2025चा. मोजायची साधनं पोलिसांकडे आहेत, विद्यार्थ्यांकडेही आहेत. गणेशोत्सवाआधी पोलिस ठाण्यात शांतता समितीची आणि मंडळांची बैठक होते. आपल्या भागातल्या बैठकीला जा आणि तिथे दोनच प्रश्न विचारा : गेल्या वर्षी आमच्या चौकात आवाज किती होता, आणि त्यावर काय केलंत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळेपर्यंत नव्या कॅमेऱ्याच्या निविदेला हरकत घ्या.